सोमवारचा गठ्ठा

गेल्या अंकात न्यूर्नबर्ग स्टेशनावरच्या वृत्तपत्रांच्या दुकानात मी केलेल्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. पहाटे पाचला गठ्ठ्यांच्या पट्ट्या कापायच्या, कालचे अंक मोजून परत पाठवायचे, असली कामं. त्यात क्रीडानियतकालिकांवर जेमतेम दोन ओळी होत्या, आणि पत्रं सगळी त्या दोन ओळींवर आली! राजकीय साप्ताहिकांबद्दल कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही. एक आधीच सांगते, मी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही. मला जे कळतं ते काउंटरमागे उभं राहून, गिऱ्हाइकांच्या तोंडून कळलेलं आहे.

इटलीत 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त', फ्रान्सात 'लेकिप', स्पेनमध्ये 'मार्का' अशी रोज निघणारी क्रीडापत्रं आहेत. फुटबॉलवेड्या जर्मनीचं रोजचं क्रीडापत्र कोणतं? – एक निवृत्त क्रीडाशिक्षक

नाही. सर, खरंच नाही. आमच्याकडे येणारे इटालियन प्रवासी गुलाबी कागदाची 'गाझेत्ता' घ्यायचे आणि हाच प्रश्न विचारायचे. मी 'किकर' या जर्मन फुटबॉल-नियतकालिकाचा अंक पुढे केला की वार बघायचे, "पण हा सोमवारचा!" म्हणायचे. त्या दिवशी बुधवार असायचा.

कारण माझ्या मते साधं आहे. जर्मन माणूस आपल्या गावाचं, आपल्या जिल्ह्याचं वर्तमानपत्र वर्गणी भरून घरी घेतो आणि त्यात खेळाची चांगली ऐसपैस पानं असतात. बायर्न म्युनिकचा निकाल तर असतोच, पण शेजारच्या खेड्यातल्या सर्वांत खालच्या विभागाच्या सामन्यात गोल कुणी मारला तेही असतं, आणि तो गोल मारणारा बहुतेक वेळा वाचकाचा भाचा असतो. ज्याला चटपटीत हवं त्याच्यासाठी 'बिल्ड' हे दैनिक आहे. मग रोज तिसरा पेपर घेणार कोण? शिवाय इथला फुटबॉल आठवड्याच्या तालावर चालतो. शनिवारी दुपारी साडेतीन ही इथली पवित्र वेळ. उरलेले सामने शुक्रवारी रात्री, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी. सोमवारी त्याचा हिशेब, गुरुवारी पुढची तयारी. म्हणून 'किकर' सोमवार-गुरुवार. मधला बुधवार 'श्पोर्ट बिल्ड'नं पकडला. १९८८ साली निघालेलं हे साप्ताहिक आक्सेल श्प्रिंगर या 'बिल्ड'वाल्यांचंच.

पूर्व जर्मनीत मात्र रोजचं क्रीडापत्र होतं: 'डॉइचेस श्पोर्टएखो'. १९४७ला सुरू झालं आणि दोन्ही जर्मनी एक झाल्यावर वर्षभरातच, १९९१ला बंद पडलं. फुटबॉलसाठी तिकडे 'फूवो', म्हणजे 'फुसबालवोखे', होतं. आमचे एक गिऱ्हाईक मूळ लाइपझिगचे. ते सांगायचे, कागदाचा कोटा ठरलेला, अंक मोजके, त्यामुळे 'फूवो' कधी मांडणीवर दिसायचाच नाही. ओळखीचा माणूस आला की विक्रेती खाली वाकायची आणि काउंटरखालून काढून द्यायची. अशा मालाला तिकडे शब्दच होता: बुकवारे, वाकून द्यायचा माल. हे सांगताना ते दर वेळी माझ्या काउंटरखाली डोकावायचे. तिथे माझा डबा असायचा.

ताई, 'किकर' खेळाडूंना गुण देतो म्हणे. ते कसे असतात? – सौ. वाचक, 'घरात दोन फुटबॉलवेडे'

याचं उत्तर मी फजितीतून शिकले.

मी कामाला लागले १९९९च्या मे महिन्यात. तिसराच आठवडा. सोमवार, ३१ मे. दुकानाबाहेर रोजच्यापेक्षा जास्त पुरुष उभे आणि कुणी बोलेना. मला वाटलं गावात कुणी मोठं माणूस गेलं. गेला होता तो त्यांचा क्लब. शनिवारी हंगामाचा शेवटचा दिवस होता. त्या सकाळी गावाचा क्लब '१. एफसी न्यूर्नबर्ग' बाराव्या क्रमांकावर, म्हणजे तशी सुरक्षित जागा. हे घरच्या मैदानावर फ्रायबुर्गकडून १–२ हरले, तिकडे फ्रांकफुर्टनं कायझर्सलाउटर्नला ५–१ धुतलं, आणि दिवस मावळेपर्यंत न्यूर्नबर्ग सोळावा. खालच्या विभागात. दोन्ही संघांचे गुण ३७, दोघांचाही गोलफरक उणे दहा. पण फ्रांकफुर्टचे गोल ४४ आणि यांचे ४०. चार गोलांसाठी विभाग गेला. रेडिओवर समालोचक ग्युंटर कोख म्हणाले होते, "हॅलो, इथे न्यूर्नबर्ग. आम्ही कड्याच्या टोकावरून बोलतोय." ते वाक्य त्या गावात आजही म्हणींसारखं वापरतात, अगदी दुधाची पिशवी संपली तरी.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अंक काउंटरवरच उघडला. नावांपुढे आकडे छापलेले, त्यांत पाच बरेच. आपलं मन मोठ्या आकड्याला भुलतं. मी आपुलकीनं म्हणाले, "वा, तुमच्या माणसाला पाच!" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवतं.

तर, सौ. वाचक, हे जर्मन शाळेतले गुण आहेत. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे पार नापास. पाच म्हणजे घरी सांगायची सोय नाही. मध्ये अर्धेसुद्धा असतात, अडीच, साडेतीन असे. शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरलेल्याला गुणच नाहीत. आणि मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे पंचालाही गुण मिळतात, शेजारी दोन ओळींत कारणासकट. त्याच वर्षी माझा मुलगा शाळेतून "दोन मिळाले" म्हणत नाचत आला आणि माझी बोलणी खाऊन बसला. त्याची माफी मी मागितली. त्या गृहस्थांची मागायची राहिली, पण ते पुढच्या सोमवारी आले, आणि त्याच्या पुढच्याही.

हे आकडे म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. कुणा एका वार्ताहराचं मत असतं. पण माझी गिऱ्हाइकं सामना स्टेडियममध्ये किंवा टीव्हीवर बघून आलेली असायची, निकाल त्यांना पाठ असायचा. तरी पैसे मोजून अंक घ्यायची ती आपण दिलेले गुण आणि छापलेले गुण ताडून बघायला. "साडेतीन? याला? आंधळा होता काय!" हे वाक्य ऐकलं नाही असा सोमवार मला आठवत नाही.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, 'किकर' खेळाडूंची प्रतवारीही लावतो: जागतिक दर्जा, आंतरराष्ट्रीय दर्जा आणि त्याखालचे. 'जागतिक' शिक्का देताना ते आपल्याकडच्या जुन्या परीक्षकांसारखे हात आखडतात. एखाद्या जागेसाठी तो रकाना चक्क रिकामाच छापतात.

'किकर' कुणी काढला? नावाचा अर्थ काय? – इतिहासाचा विद्यार्थी

किकर म्हणजे चेंडूला लाथ मारणारा, फुटबॉलपटू. दांड्यांना लावलेल्या लाकडी बाहुल्यांनी टेबलावर खेळतात त्या खेळालाही किकरच म्हणतात. एकदा एका बाईंनी "किकर आहे का?" विचारलं, मी अंक दिला, त्यांना टेबल हवं होतं.

काढणाऱ्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. वाल्टर बेन्झेमान, जन्म बर्लिनचा, १८७३चा, ज्यू कुटुंबातला. स्वित्झर्लंडमध्ये शाळेत असताना इंग्रज मुलांकडून फुटबॉलचं वेड लागलं ते सुटलं नाही. जर्मनीत परतून जाईल तिथे क्लब काढत सुटला. कार्ल्सरूहचा क्लब १८९१चा, त्यानंच सुरू केलेला. १९०० साली लाइपझिगला जर्मन फुटबॉल संघटना स्थापन झाली तेव्हाही तो हजर होता. चेंडूमुळे देश एकमेकांच्या जवळ येतील असं तो मनापासून मानायचा, आणि पहिलं महायुद्ध पाहूनही त्याचा विश्वास उडाला नाही. जुलै १९२०मध्ये कोन्स्टान्झहून, म्हणजे अगदी स्विस सरहद्दीवरून, त्यानं 'किकर'चा पहिला अंक काढला. काही वर्षांत अंक फिरत फिरत न्यूर्नबर्गला आला. 'ग्लोसेन' नावाचं त्याचं सदर असायचं. त्यात फुटबॉलबरोबर प्रवास, राजकारण, जे मनात येईल ते.

एप्रिल १९३३मध्ये दक्षिण जर्मनीतल्या चौदा क्लबांनी नव्या राजवटीला साथ देऊ, क्लबांमधून ज्यूंना दूर करू, असं जाहीर केलं. सही करणाऱ्यांत न्यूर्नबर्ग होता. बायर्न होता. आणि कार्ल्सरूहचा तो क्लबही होता, बेन्झेमाननं अठराव्या वर्षी सुरू केलेला. त्या वसंतात तो स्वित्झर्लंडला निघून गेला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३४मध्ये, मोंत्रोला वारला. शाळेत होता त्याच गावात.

अंक त्याच्याशिवाय १९४४पर्यंत निघत राहिला, राजवटीला हवा तसा. १९५१ला पुन्हा सुरू झाला, आणि १९६८मध्ये न्यूर्नबर्गच्याच 'श्पोर्ट-मागाझिन'मध्ये मिसळून आजचा झाला. न्यूर्नबर्गची फुटबॉल-संस्कृती अकादमी आता बेन्झेमानच्या नावानं पुरस्कार देते. आमच्या दुकानात नेमानं अंक घेणाऱ्यांना त्याचं नाव विचाराल तर दहातले आठ माना हलवतील, नकारार्थी.

मी जर्मन शिकते आहे. क्रीडापत्रातले शब्द शब्दकोशात बघितले तर भलतेच अर्थ निघतात. – बी-वन परीक्षार्थी

निघणारच. तुला परीक्षेआधी पुरतील एवढे सांगते.

'श्वाल्बे' म्हणजे पाकोळी. मैदानात मात्र कुणी धक्का न लावता हात पसरून भुईवर झेपावणारा खेळाडू. 'फारश्टूल-मानशाफ्ट', लिफ्ट-संघ: एक वर्ष वर, एक वर्ष खाली. न्यूर्नबर्गात हा शब्द जपून वापर. १९६८ला विजेते आणि १९६९ला खालच्या विभागात, असा पराक्रम बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या विभागात, दुसऱ्या कुणी केलेला नाही. तिथले लोक स्वतःच म्हणतात, "डेअर ग्लुब इस अ डेप", आपला क्लब म्हणजे येडा. पण हे त्यांनी म्हणायचं, आपण नाही! 'एंग्लिशे वोखे', इंग्लिश आठवडा, म्हणजे ज्या आठवड्यात मधल्या वारीही सामना असतो. 'आंग्स्टगेग्नर' म्हणजे ज्याच्याविरुद्ध आपण कारण नसताना दर वेळी हरतोच तो संघ.

माझा लाडका शब्द 'लुपेनराइन'. हा हिरे-व्यापाऱ्यांचा. भिंगाखाली धरला तरी डाग दिसत नाही असा हिरा. एकाच खेळाडूनं एकाच अर्ध्यात लागोपाठ तीन गोल मारले, मध्ये दुसऱ्या कुणाचा एकही गोल नाही, तरच ती लुपेनराइन हॅटट्रिक. नुसते सामन्यात तीन मारले तर त्याला हॅटट्रिक म्हणायचं की नाही यावर मी दोन सभ्य माणसांना प्लॅटफॉर्म सहावर गाडी चुकवताना पाहिलं आहे.

मी जुने अंक जमवतो. बुंडेसलीगातल्या पहिल्यावहिल्या गोलचा फोटो कोणत्या अंकात मिळेल? – संग्राहक

शोधू नका, वेळ वाया जाईल. २४ ऑगस्ट १९६३, ब्रेमेन. डोर्टमुंडच्या टिमो कोनिएट्स्कानं पहिल्याच मिनिटात गोल मारला. त्याचा फोटो नाही आणि चित्रफीतही नाही. कॅमेरे दुसऱ्या टोकाला. जर्मनीत बुंडेसलीगाचा पहिला गोल झाला तो डोळ्यांनी पाहणाऱ्यांनीच पाहिला. सामना मात्र ब्रेमेननं ३–२ जिंकला.

त्या आठवड्याचे अंक बाजारात दिसले तर घ्या, पण एक ध्यानात ठेवा. तेव्हा 'किकर' आणि 'श्पोर्ट-मागाझिन' वेगळे होते. विकणारे पुष्कळदा एकाच नावाखाली दोन्ही खपवतात.

जर्मनीत फक्त फुटबॉलच वाचतात का? – टेनिसप्रेमी

जवळजवळ. रागावू नका. १९८५ला बोरिस बेकर विम्बल्डन जिंकला, १९८८ला श्टेफी ग्राफनं चारही ग्रँड स्लॅम आणि ऑलिंपिक सुवर्ण एकाच वर्षात घेतलं, तेव्हा टेनिसच्या मासिकांना चांगले दिवस होते असं जुने सहकारी सांगायचे. मी आले तेव्हा ती वरच्या फळीवर गेली होती. आइस हॉकीचं साप्ताहिक, हँडबॉलचं साप्ताहिक, सायकलवाल्यांचं, गिर्यारोहकांचं, सगळी होती. प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं, तोंडानं मागतसुद्धा नसे, नुसतं वर बघायचं. 'आउटो मोटोर उंड श्पोर्ट' भरपूर खपायचं, पण त्यातला श्पोर्ट मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेला असतो.

मुलगा श्टुटगार्टला शिकायला चालला आहे. फुटबॉलसाठी नेमकं काय घ्यावं? आणि दुकानात उभ्यानं चाळलं तर चालतं का? – काळजीवाहू वडील

चाळण्याबद्दल आधी. न खपलेले अंक आम्ही परत करतो आणि त्याचे पैसे धरले जात नाहीत, त्यामुळे दुकानदाराचं थेट नुकसान नसतं. पण अंक चुरगळला की पुढचं गिऱ्हाईक तो उचलत नाही, खालचा ओढतं आणि सगळी चळत कोसळते. त्याला म्हणावं दोन मिनिटं चाळ, सँडविच खात चाळू नकोस.

आता काय घ्यावं. मित्रांच्या गप्पांत बसायचं असेल तर 'श्पोर्ट बिल्ड': कोण कुठे जाणार, कोणत्या प्रशिक्षकाचं आसन डळमळलंय. मला त्यातलं निम्मं पुढच्या बुधवारपर्यंत शिळं झालेलं दिसायचं. पण शिळं होणारं वाचण्यातही मजा असते हे कबूल. सामना खरा कळून घ्यायचा असेल तर सोमवारचा 'किकर'. भाषा कोरडी आहे, आणि शिकणाऱ्याला कोरडीच बरी: वाक्यं छोटी, क्रियापदं ओळखीची. आणि फुटबॉलभोवतीची माणसं वाचायची असतील, म्हणजे पंचवीस वर्षं एकाच कठड्याला टेकून उभा राहणारा प्रेक्षक, मैदानाचं गवत सांभाळणारा माळी, तर बर्लिनहून निघणारं मासिक 'एल्फ फ्रॉइंडे', अकरा मित्र. २०००पासून निघतंय. नाव आलंय जुन्या विजेतेपदाच्या चषकावरच्या ओळीतून: जिंकायचं असेल तर अकरा मित्र व्हा. मी पगाराच्या दिवशी हेच घरी न्यायचे. पण विद्यार्थ्याला सगळं एकदम नको. पहिले सहा महिने सोमवारचा 'किकर' पुरे.

उन्हाळ्यात 'किकर'च्या विशेषांकाबरोबर मिळणारा खोचायचा गुणतक्ता म्हणजे काय? माझ्या भावाला तो हवाच आहे. – बहीण

त्याला श्टेकटाबेले म्हणतात. पुठ्ठ्याचा तक्ता, त्याला खाचा, आणि प्रत्येक क्लबच्या चिन्हाचं छोटं पुठ्ठ्याचं तिकीट. बुंडेसलीगाचे अठरा, दुसऱ्या विभागाचे अठरा, तिसऱ्याचे वीस. दर आठवड्याला निकालाप्रमाणे तिकिटं काढून वरखाली खोचायची. मोबाइलवर तक्ता क्षणात दिसतो, तरी पन्नाशीचे बँक कर्मचारी जुलैपासून "आला का?" विचारत यायचे.

भावासाठी घेताना आतला तक्ता आहे ना ते बघून घ्या. काही महाभाग तेवढाच काढून अंक परत फळीवर ठेवतात, आणि उरलेला अंक मग कुणी घेत नाही. घरी नेल्यावर तिकिटं पुठ्ठ्यापासून सोडवताना कात्री वापरायला सांगा, ओढायचं नाही, खालचा कान फाटतो. आमच्या काउंटरमागेही एक तक्ता टांगलेला होता. त्यातल्या न्यूर्नबर्गच्या तिकिटाचा कान नोव्हेंबरपर्यंत हमखास फाटायचा, गिऱ्हाइकं परस्पर हात घालून त्याला एक जागा वर सरकवायची म्हणून. मी चिकटपट्टी लावायचे.